नव्या भट्टीचा पहिला विस्तव

गोव्यात पाव भाजणाऱ्यास 'पदेर' म्हणतात आणि त्याच्या भट्टीस 'फोर्न'. हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेले आहेत. खुद्द 'पाव' हा शब्दही त्याच वाटेने मराठीत आणि भारताच्या इतर अनेक भाषांत रुळला. या भट्टीची रचना साधी असते. विटांचा सपाट तळ, त्यावर बसका घुमट आणि पुढे एक लहान तोंड. आत लाकडे जाळावयाची, घुमट व तळ पुरेसे तापले की निखारे काढून घ्यावयाचे, आणि विटांनी साठवून ठेवलेल्या उष्णतेवर पाव भाजावयाचा. हीच रीत देशाच्या निरनिराळ्या भागांत, तशीच युरोपातील खेड्यांतही, शेकडो वर्षे चालत आली आहे.

अशी भट्टी नव्याने बांधून झाली म्हणजे मालकास स्वाभाविकच घाई होते. विटा, माती आणि गवंड्याची मजुरी यांत त्याचा पैसा अडकलेला असतो. घुमट वरून कोरडा दिसतो. मग लाकडे भरून मोठा जाळ का करू नये? परंतु अनुभवी गवंडी त्यास थांबवितो. पहिला विस्तव लहान असावा, आणि पहिला आठवडाभर भट्टीकडून भाजण्याचे काम घेऊ नये, असे तो सांगतो. त्याच्या या सांगण्यामागे कोणते शास्त्र आहे, याचा विचार या लेखात केला आहे.

भट्टीत पाणी किती असते?

वीट बांधकामात बसविण्यापूर्वी गवंडी ती पाण्यात भिजवितो. कोरडी वीट मातीच्या लगद्यातील पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो, म्हणून ही काळजी घ्यावी लागते. वीट किती पाणी पिते याची कल्पना भारतीय मानकावरून येते. सामान्य प्रतीची वीट २४ तास पाण्यात बुडवून ठेवली असता तिने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, असा दंडक आहे.

आता एक हिशेब करू. समजा, एका भट्टीस ५०० विटा लागल्या आणि प्रत्येक विटेचे वजन ३ किलोग्रॅम आहे. विटांचे एकूण वजन १,५०० किलोग्रॅम झाले. त्यांत १० टक्के पाणी धरले तरी ते १५० किलोग्रॅम भरते. शिवाय सांध्यांसाठी व लेपासाठी ५०० किलोग्रॅम ओली माती वापरली आणि तिच्यात पाचवा हिस्सा पाणी असले, तर आणखी १०० किलोग्रॅम. म्हणजे वरून कोरड्या दिसणाऱ्या या घुमटात २५० लिटर, अर्थात बारा-तेरा घागरी पाणी दडलेले असते. नव्या भट्टीच्या पहिल्या विस्तवाचे खरे काम हे पाणी बाहेर नेणे हेच होय.

पाण्याचे तीन प्रकार

हे सारे पाणी एकाच रीतीने राहत नाही. काही पाणी मातीच्या व विटेच्या मोठ्या छिद्रांत मोकळे असते. ते वाऱ्याने व उन्हाच्या उबेने सहज निघून जाते. दुसरे पाणी अतिसूक्ष्म छिद्रांत केशाकर्षणाने धरून ठेवलेले, किंवा मातीच्या कणांना पातळ थराच्या रूपाने चिकटलेले असते. ते काढण्यास वारा पुरा पडत नाही. १०० अंश सेल्सियसच्या आसपासची आणि त्याहून थोडी अधिक उष्णता दीर्घकाळ द्यावी लागते.

तिसरे पाणी मातीच्या रेणूंतच रासायनिक संयोगाने बांधलेले असते. केओलिन या शुद्ध मातीच्या वजनाचा सुमारे १४ टक्के भाग अशा पाण्याचा असतो. ते साधारणपणे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान सुटते, आणि एकदा सुटले की ती माती पुन्हा पाण्यात कालवून तिचा चिखल करता येत नाही. कुंभाराचे मडके भाजल्यावर पाण्यात विरघळत नाही, याचे कारण हेच. भट्टीच्या आतील पृष्ठभागापाशी माती कालांतराने इतकी तापू शकते. बाहेरच्या थरांत मात्र ती कच्चीच राहते. म्हणूनच मातीच्या भट्टीवर छप्पर अवश्य असावे. कोकणात व गोव्यात पावसाळ्यापूर्वी ते घालून ठेवणे इष्ट.

वाफेचे बळ

पाण्याची वाफ झाली असता ते किती जागा व्यापते? वातावरणाच्या सामान्य दाबाखाली व १०० अंशांस पाण्याची वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १,६७० पट जागा घेते. चहाचा एक चमचा पाणी, म्हणजे ५ घन सेंटिमीटर, घेतले तर त्यापासून आठ लिटरांहून अधिक वाफ होते.

या वाफेस बाहेर पडण्यास वाट असेल तर काहीच बिघडत नाही. वाट नसेल तर दाब वाढत जातो. कोंडलेल्या पाण्याचे तापमान १२० अंशांस पोहोचले की वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट होतो; १५० अंशांस तो पाऊणेपाच पटींच्या जवळ जातो; १८० अंशांस सुमारे दहापट आणि २०० अंशांस पंधरापटींहून अधिक होतो. तापमान दुप्पट झाले म्हणून दाब दुप्पट होतो असे नाही. तो कितीतरी अधिक वेगाने चढतो. विटांचे बांधकाम दाबाखाली भक्कम असते, परंतु ताणाला दुबळे असते. आतून रेटणारी वाफ त्याच्यावर नेमका ताण आणते. मग सांधे उकलतात, विटेचे पापुद्रे सुटतात, आणि एखादे वेळी तुकडा आवाज करून उडतो. ओले मडके आव्यात घातले तर फुटते हे प्रत्येक कुंभार जाणतो, आणि म्हणूनच तो मडकी आधी सावलीत वाळवितो.

याखेरीज दुसरेही एक कारण आहे. माती वाळताना आकसते. बाहेरचा थर झपाट्याने वाळला आणि आतला ओला राहिला, तर बाहेरचा थर आकसू पाहतो व आतला त्यास आकसू देत नाही. परिणामी भेग पडते. मातीत चिरलेला पेंढा किंवा भाताचा तूस मिसळण्याची जुनी पद्धत येथे उपयोगी पडते. हे तंतू वाळणाऱ्या मातीस धरून ठेवतात आणि पुढे जळून गेल्यावर वाफेसाठी सूक्ष्म वाटा मोकळ्या करतात. आजचे अभियंते उष्णतारोधक काँक्रीटमध्ये पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू घालतात. ते १६५ अंशांच्या सुमारास वितळतात आणि नेमक्या वेळी वाफेस वाट करून देतात. साधन नवे असले तरी विचार जुनाच आहे.

आधी वारा, मग विस्तव

बांधकाम संपल्यावर भट्टी काही आठवडे नुसती उघडी ठेवावी. तोंड मोकळे असावे, वर सावली असावी आणि वारा खेळता असावा. कडक ऊन थेट पडू देऊ नये. त्याने बाहेरचा थर घाईने वाळतो. मात्र आतील भागात उष्णतारोधक सिमेंट वापरले असेल तर प्रारंभी त्यातील ओल राखणे आवश्यक असते. सिमेंट वाळून घट्ट होत नसते. पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होते. ती क्रिया पुरी झाल्यावर मगच वाळविण्यास आरंभ करावा. साधे बांधकामाचे सिमेंट भट्टीच्या आतील भागात वापरू नये. सुमारे ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान त्यातील चुन्याचे घटक पाणी सोडून देतात, आणि थंड झाल्यावर हवेतील ओल घेऊन फुगतात. त्यामुळे सांधा भुसभुशीत होतो.

वाऱ्याने होणारे हे वाळणे फुकट पडते, हे ध्यानात घ्यावे. २५० किलोग्रॅम पाणी ३० अंशांपासून तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे १,५२,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोग्रॅमपासून अंदाजे ३,५०० किलोकॅलरी मिळतात असे धरले, तर ४४ किलोग्रॅम लाकूड केवळ एवढ्यासाठीच खर्ची पडेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते, म्हणून खर्च कित्येक पटींनी वाढतो. यातील निम्मे पाणी वाऱ्याने नेले तर तितके सरपण वाचले.

त्यानंतर विस्तवाचा क्रम सुरू होतो. पहिल्या दिवशी तळाच्या मध्यभागी, भिंतीस न टेकविता, बारीक काटक्यांचा किंवा कोळशाचा लहानसा विस्तव चार-सहा तास ठेवावा. आतील पृष्ठभाग १०० अंशांच्या खालीच राहावा. दुसऱ्या दिवशी १२० अंशांच्या आसपास जावे आणि पुढे प्रतिदिनी चाळीस-पन्नास अंशांहून अधिक वाढ करू नये. याप्रमाणे सहाव्या-सातव्या दिवशी ३०० अंशांपर्यंत पोहोचता येते. ज्वाळा घुमटास चाटू देऊ नयेत. रात्री दार पूर्ण बंद न करता किंचित उघडे ठेवावे, म्हणजे ऊब टिकते आणि वाफही निघून जाते. तापमान मोजण्यास आज अवरक्त किरणांवर चालणारे छोटे तापमापक मिळतात. भट्टी जाड असेल किंवा हवा दमट असेल तर दिवस वाढवावेत.

या काळात बाहेरून रंग किंवा पक्का गिलावा देऊ नये. आतील उष्णता पाण्यास बाहेरच्या थंड थराकडे ढकलते. तेथे वाट बंद असेल तर ते तेथेच साचून राहते. ओल्या भट्टीत पावही नीट भाजत नाही. पाणी स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक सुलभतेने उष्णता वाहून नेते, म्हणून घुमटावरील उष्णतारोधक थर ओला असेल तर साठविलेली उष्णता बाहेर झिरपून जाते.

भट्टी वाळली हे कसे ओळखावे?

निखारे विझत आल्यावर मोठ्या माणसाने एक थंड काच तोंडाच्या वरच्या कडेपाशी क्षणभर धरावी. तिच्यावर दव साचले तर भट्टीत अजून पाणी आहे. जळत्या ज्वाळेपुढे ही परीक्षा करू नये. लाकूड जळतानाही पाण्याची वाफ तयार होते आणि निष्कर्ष चुकतो. घुमटाच्या बाहेर ओलसर डाग दिसल्यास ते पाणी वाटेवर असल्याचे चिन्ह समजावे आणि त्या दिवशी उष्णता वाढवू नये. केसासारख्या बारीक भेगा पडल्या तर घाबरण्याचे कारण नाही. भेग रुंद असेल तर भट्टी थंड होऊ द्यावी आणि त्याच मातीने ती भरावी.

शाळेतील विद्यार्थ्यांना हे सारे एका विटेवर पाहता येईल. कोरडी वीट तोलावी, २४ तास पाण्यात ठेवावी, पुन्हा तोलावी आणि सावलीत ठेवून रोज तिच्या वजनाची नोंद करावी. आलेख काढल्यास असे दिसून येईल की प्रारंभी वजन जवळजवळ एकाच गतीने घटते आणि पुढे ती गती मंदावत जाते. शेवटचे थोडे पाणी निघण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो. गवंडी घाई करू देत नाही, ते या शेवटच्या थोड्या पाण्यासाठीच.

हा नियम पावाच्या भट्टीपुरताच नाही. पोलादाच्या कारखान्यांतील कोक-भट्ट्या सिलिकाच्या विटांनी बांधलेल्या असतात. त्या विटा तापताना ठरावीक तापमानांस एकदम फुगतात. म्हणून नवी कोक-भट्टी पूर्ण तापविण्यास कित्येक आठवडे घेतले जातात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत शहरातील लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. इंधन बदलले तरी नव्या विटांतील पाणी बदलत नाही. वायूच्या ज्योतीनेही नवे बांधकाम हळूहळूच तापवावे लागते.

उतावळेपणाने पेटविलेली भट्टी पहिल्याच दिवशी तडकते आणि महिन्याची मेहनत वाया जाते. आठवडाभर लहान विस्तवावर सांभाळलेली भट्टी मात्र मालकाच्या मुलांच्या हातीही काम देत राहते. त्या एका आठवड्यात पाव भाजला जात नाही, पण पुढची सारी वर्षे त्या आठवड्यावरच उभी असतात.