सुरीच्या मुठीतली लाल रेघ

हातानं घडवलेल्या सुरीच्या मुठीत पोलाद आणि लाकूड यांच्यामध्ये एक बारीक लाल रेघ दिसते. ती शोभेची की कामाची, असं एका वाचकानं विचारलं आहे. घडवणारे तिला लायनर म्हणतात. लाकूड फुगलं-आकसलं की लायनर ते सोसून घेतो, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही.

हिशेब करून पाहा. सागवानी मूठ २५ मिलिमीटर रुंद आहे. कोरड्या उन्हाळ्यातून ती ऐन पावसाळ्यात आली आणि लाकडातलं पाणी ८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेलं, तर तिची रुंदी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाढू शकते. तेवढंच रुंद पोलाद ३० अंशांनी तापलं तरी जेमतेम ०.००९ मिलिमीटर वाढतं. म्हणजे उष्णतेचं नावच नको, सगळा खेळ पाण्याचा. पाऊण मिलिमीटर जाडीचा, दोन्ही अंगांनी इपॉक्सीनं जखडलेला लायनर हा ताण काय सोसणार? मूठ टिकते ती मुरलेल्या लाकडावर, नीट खरवडून चिकटवलेल्या सांध्यावर आणि आरपार ठोकलेल्या खिळ्यांवर. लायनर बारीकसारीक फट झाकतो आणि रंगाची रेघ देतो. हेही काही कमी नाही.

पण ती लाल पट्टी ज्याची असते, त्या व्हल्कनाइज्ड फायबरवर माझा फार जीव आहे. हा निव्वळ कागद! थॉमस टेलर या इंग्रजानं १८५९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सुती चिंध्यांचा कागद झिंक क्लोराइडच्या दाट द्रावणातून ओढला की तंतूंचा पृष्ठभाग फुगून चिकट होतो. असे थर एकमेकांवर दाबले की कागद कागदालाच चिकटतो, डिंकाचा थेंबही लागत नाही. मग पाण्याच्या हौदांत ठेवून ते रसायन सावकाश काढून टाकायचं. जाड तक्त्यांना त्यासाठी महिनोन् महिने लागतात. शेवटी हाती उरतो तो शिंगासारखा चिवट सेल्युलोज. बेकलंडचं बॅकेलाइट हे प्लास्टिक आलं १९०७ मध्ये, जवळजवळ अर्ध्या शतकानंतर. बेकलंड पाठ्यपुस्तकांत पोचला, टेलर मात्र विस्मरणात गेला, याची मला मनापासून खंत वाटते. मोटर वायंडिंगच्या दुकानात खाचांमध्ये सरकवतात तो लेदरॉइड कागद याच कुळातला. ग्राइंडरवर पातं घासायच्या फायबर डिस्कची पाठही याचीच असते.

दोष एकच, पण मोठा: सेल्युलोज पाणी पितो, आणि पट्टी जाडीत फुगते. ज्या सुरीनं मासे साफ करायचे, जी रोज नळाखाली धुतली जाणार, तिला हा लायनर नको. तिथं जी-१० घ्यावा. काचेच्या तंतूंचं कापड इपॉक्सीत भिजवून दाबलेला हा तक्ता, सर्किट बोर्डाचा सख्खा भाऊ, पाणी जवळपास शोषतच नाही. पितळी लायनर देखणा खरा, पण खारं पाणी आत मुरलं तर पितळाच्या संगतीत गंजतं ते पोलाद, म्हणजे नेमकं पातंच.

जी-१० घासताना मात्र मास्क हवाच, आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजवून चालवावा. काचेची ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. फायबरचाच आग्रह असेल, तर आधी त्याचा एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी व्हर्नियरनं जाडी मोजा.