देह नवा, पराक्रम जुना

ऑक्टोबर २००९ मध्ये ब्लिझार्ड कंपनीने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या आपल्या ऑनलाइन खेळात एक नवी सेवा विकायला काढली. २५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने हजार-बाराशे रुपये मोजायचे आणि आपल्या पात्राची जमात बदलून घ्यायची. पाच वर्षं राबवलेला हिरवा ऑर्क क्षणात निळा ट्रोल. लेव्हल तीच, चिलखत तेच, गाठीला बांधलेलं सोनं तेच, ‘गिल्ड’ या खेळाडूंच्या टोळीतली जागाही तीच.

या खेळांच्या वाटेला न गेलेल्यांना यात पैसे मोजण्यासारखं काय आहे, असा प्रश्न पडेल. रोल-प्लेइंग खेळात पहिल्याच पडद्यावर तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: नाव, पेशा आणि जमात. खेळाडू जमातीला सरसकट ‘रेस’च म्हणतात. सिडकोतला एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी परीक्षा संपल्याच्या रात्री हा पडदा उघडतो, खेळातलं ओ की ठो कळत नसतं, आणि दिसायला रुबाबदार म्हणून बैलाच्या शिंगांचा टॉरेन निवडून मोकळा होतो. वर्षभराने त्याला कळतं, की आपण निवडलेल्या पेशासाठी दुसरी जमात अधिक चांगली होती. आता सगळं पहिल्यापासून करायचं तर शेकडो तासांची मेहनत पाण्यात. कंपनीने हेरलं ते हे दुखणं.

तरी पैसे भरले की सगळं जमतं असंही नव्हतं. जमातीला पेशाची अट होती. वनस्पती आणि प्राण्यांची विद्या जाणणारा ड्रुइड हा पेशा त्या काळी ‘होर्ड’ या गटात फक्त टॉरेनना खुला होता. त्यामुळे होर्डच्या ड्रुइडने खिशात पैसे खुळखुळवत दुकान गाठलं तरी त्याला बदलण्यासारखी दुसरी जमातच नव्हती. शत्रुगटात जाऊन नाइट एल्फ व्हायचं तर त्यासाठी वेगळी, आणखी महाग सेवा घ्यावी लागे. खेळाच्या २०१० च्या ‘कॅटॅक्लिझम’ आवृत्तीने ट्रोलांनाही ड्रुइड होऊ दिलं, तेव्हा कुठे दार उघडलं.

दुसरी गंमत माणसांची. २००८ च्या आवृत्तीत मानव जमातीला एक उपजत कसब मिळालं. शत्रूने जखडून टाकलं, की त्यातून एका बटणात सुटायचं. इतरांना त्यासाठी एक खास दागिना अंगावर बाळगावा लागे. माणसाची ती जागा रिकामी राही आणि तिथे जास्तीचं बळ देणारं काहीतरी बसवता येई. परिणामी ड्रॅगन, भुतं, एल्फ यांनी भरलेल्या जगात द्वंद्वाच्या आखाड्यावर जाणारे कित्येक जण पैसे देऊन साधी माणसं व्हायला निघाले. पुढे कंपनीने त्या कसबात बदल केले. अशा वेळी हिशेबासाठी जमात बदललेल्याची पंचाईत होते, कारण जमात हौसेने घेतलेली नसते आणि फायदाही हातचा गेलेला असतो.

संगणकाआधी ही सोय फुकट होती, पण त्यासाठी मरावं लागे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ आणला. त्यात मेलेल्या पात्राला पुनर्जन्माच्या मंत्राने परत आणता येई. मात्र ते कोणत्या रूपात परतेल, हे फासा ठरवी. २०१४ च्या आवृत्तीतही हा मंत्र आहे. प्रेत दहा दिवसांच्या आतलं हवं, हजार सोन्याच्या मोहरांची दुर्मिळ तेलं आणि लेप हवेत, आणि फासा टाकल्यावर बलदंड योद्धा टीचभर नोम होऊन उठला तरी तक्रार चालत नाही. आपल्याकडच्या पुनर्जन्मात मागची आठवण पुसली जाते. इथे पूर्वायुष्य लख्ख आठवतं आणि नवं शरीर तेवढं अनोळखी असतं.

१९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’ या ऑनलाइन खेळाने जमातीचा हा मामला रस्त्यावर आणला. तिथे डार्क एल्फ माणसांच्या शहराच्या वेशीवर दिसला, तर पहारेकरी त्याला विचारपूस न करता कापून काढत. यावर एन्चँटर या जादूगार पेशाच्या लोकांनी तोडगा काढला: मायेने माणसाचं रूप घ्यायचं आणि बाजारात खुशाल हिंडायचं. पण पहारेकऱ्यांच्या हिशेबात जमातीबरोबर पेशा आणि उपास्य दैवतही धरलेलं असे. सोंग फक्त जमातीचं बदलता येई, त्यामुळे सगळ्याच दारांवर ते खपत नसे. आजच्या विकतच्या बदलापेक्षा ही व्यवस्था जास्त हुशार होती. तिथलं जग निदान खेळाडूकडे डोळे वटारून बघत तरी होतं.

रूप पालटल्यावर मागचं काय उरतं, याचा एक दगडी नमुना संभाजीनगरपासून ३० किलोमीटरवर वेरूळला आहे. १५ क्रमांकाचं लेणं दशावतार म्हणून ओळखलं जातं. नरसिंहाचं तिथलं शिल्प पाहायला लोक मुद्दाम जिने चढतात, राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेखही तिथेच आहे. पण अभ्यासकांच्या मते या लेण्याची सुरुवात बौद्ध विहार म्हणून झाली. शेजारची दोन ताल, तीन ताल ही बौद्ध लेणी पाहून आलं, की मजल्यांची ती ठेवण इथेही ओळखू येते. देव बदलले तरी जुना आराखडा पुसायचा खटाटोप कोणी केला नाही.

मागचं काय करायचं, ही अडचण ‘गिल्ड वॉर्स २’ या खेळाने २०१२ पासून वेगळ्या बाजूने धरली आहे. तिथे पाच जमाती आहेत आणि प्रत्येकीची सुरुवातीची कथा निराळी. ‘चार’ नावाच्या जमातीतल्या पात्राने आपल्या सैन्यात घालवलेली उमेद नंतर ‘सिल्व्हारी’ या दुसऱ्या जमातीच्या नावावर कशी लावायची? केस, चेहरा, बांधा बदलण्याचा संच तिथे विकत मिळतो, जमात बदलण्याची सोय विकलेली नाही. धंदा बुडवून कथा सांभाळणारे थोडेच, म्हणून याची दखल घ्यायला हवी.

मुळात जमातीबरोबर गुण यावेत का, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. ऑर्क म्हणजे ताकद, एल्फ म्हणजे चपळाई, हे जन्मानेच ठरलेलं. जन्मावरून माणूस मोजणारी जातव्यवस्था पाहिलेल्याला या मांडणीतली मेख वेगळी समजावून सांगायला नको. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’वाल्यांना ती उमगायला वेळ लागला. २०२० मध्ये त्यांनी जन्मदत्त गुण हवे तिकडे वळवण्याची मुभा दिली आणि २०२४ च्या नियमपुस्तकातून ‘रेस’ हा शब्द काढून ‘स्पीशीज’ आणला.

देह बदलण्याला सर्वांत हौसेचं रूप दिलं ‘फायनल फँटसी फोर्टीन’ने. ‘फँटेशिया’ नावाची कुपी प्यायची, बाहेर पडून पुन्हा आत यायचं, की नवा देह निवडता येतो. पहिली कुपी मूळ कथा पार केल्याचं बक्षीस, पुढची दहा डॉलरला. २०१९ मध्ये सशाच्या कानांच्या व्हिएरा आल्या आणि कुप्यांना उधाण आलं. मग लक्षात आलं, की त्या लांब कानांमुळे बहुतेक टोप्या डोक्यावर दिसतच नव्हत्या. वर्षानुवर्षं जमवलेली शिरस्त्राणं पेटीत पडून राहिली.

याच खेळाच्या २०२४ च्या ‘डॉनट्रेल’ आवृत्तीत त्याच्या कंपनीने चित्रांचा दर्जा सुधारला, तेव्हा काहीही न मागता प्रत्येकाचाच चेहरा थोडा पालटला. हा आपला माणूस नव्हे, अशा तक्रारी आल्या. कंपनीने काही चेहरे दुरुस्त केले आणि खेळाडूंना एकेक कुपी मोफत दिली.