सॉल्ट लेक ते मुंबई : अंतर एक, वेळा अनेक

कोलकात्याच्या पूर्वेकडील खाऱ्या दलदलीत हुगळीचा गाळ भरून १९६०च्या दशकात सॉल्ट लेक, अर्थात बिधाननगर, उभारण्यास प्रारंभ झाला. पाचव्या सेक्टरमधील संगणक उद्योगाने आज येथे देशभरातील मनुष्यबळ आणले आहे. त्यात मराठी कुटुंबेही आहेत. वृद्ध आईवडील महाराष्ट्रात आणि नोकरी बंगालमध्ये, अशा घरांत एक प्रश्न नेहमीच जागा असतो : निकड उद्भवलीच, तर पोहोचण्यास किती वेळ लागेल?

मुंबई आणि कोलकाता या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,६६० किलोमीटर आहे. नागपूरमार्गे जाणारा लोहमार्ग सुमारे १,९७० किलोमीटरांचा असून जलद गाडीलाही त्यासाठी तीस तासांच्या आसपास लागतात. विमानाच्या वेळापत्रकात मुंबईहून कोलकात्यास साधारणतः अडीच ते पावणेतीन तास, तर परतीस पावणेतीन ते तीन तास दर्शविलेले असतात.

अंतर तेच असता परतीस विलंब का व्हावा? याचे उत्तर वाऱ्यात आहे. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून प्रबळ वारे वाहतात. उदाहरणार्थ, विमानाचा वेग ताशी ८०० आणि वाऱ्याचा १०० किलोमीटर धरला, तर पूर्वेकडे जाताना जमिनीच्या तुलनेत ९०० आणि पश्चिमेकडे येताना ७०० किलोमीटरच वेग मिळतो. एवढ्यानेच सुमारे अर्ध्या तासाचा फरक पडतो. पावसाळ्यात वाऱ्यांची दिशा पालटते आणि हा फरक घटतो.

वेळापत्रकातील कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. प्रवाशाचा प्रवास मात्र घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. सॉल्ट लेकहून डमडमचा विमानतळ जवळ असला, तरी रहदारी गृहीत धरून पाऊण तास हाती ठेवावा. बहुतेक कंपन्या सामान स्वीकारणे उड्डाणापूर्वी साठ मिनिटे बंद करतात. म्हणून तेथे दीड तास आधी पोहोचणे श्रेयस्कर. उड्डाणाचे तीन तास, सामान मिळेपर्यंत अर्धा तास आणि मुंबईच्या रस्त्यांवरील एक तास मिळविला, तर बेरीज पावणेसात तासांवर जाते.

दुपारी दोन वाजता मुंबईच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर स्वाक्षरी करावयाची असेल, तर सॉल्ट लेकचे घर सकाळी सातलाच सोडावे लागते. उड्डाणास उशीर झाल्यास तेवढीही सवड उरत नाही. म्हणूनच आईवडिलांच्या शेजारी राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक, आरोग्य विम्याची कागदपत्रे आणि आकस्मिक तिकिटापुरती शिल्लक यांची तजवीज आधीच करून ठेवावी. विमान अंतर कमी करते. पहिल्या सात तासांची काळजी मात्र घराजवळच्या माणसांनाच वाहावी लागते.