माळशेजच्या चढाला तापणारी पद्मिनी
वडिलांची प्रीमियर पद्मिनी मी ओतूरला अजून चालवतो. १०८९ सीसीचं इंजिन, कुर्ल्याच्या कारखान्यातलं. कल्याणहून परतताना माळशेज चढला की तापमानाचा काटा वर सरकतो. गाडी नेमकी कुठे तापते, हे मी आधी पाहतो. चढावर संथ चालताना तापली तर बहुधा पंख्याचा पट्टा सैल, नाहीतर जाळीत किडे-चिखल अडकलेला. सपाट रस्त्यावर वेगात चालताना तापली तर संशय रेडिएटरवर: बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात. मी डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच घालतो. थर्मोस्टॅट मात्र उगाच काढून फेकू नका! तो तपासायला पातेल्यातल्या पाण्यात सोडून तापवा; उकळी फुटण्याआधी तो उघडलाच पाहिजे. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाब सुटताच उकळतं पाणी तोंडावर येतं.