फ्री फायर, ई-पीक पाहणी आणि न उमटणारा अंगठा

पावसाळ्यात भंडाऱ्याच्या मोबाईलवर सर्वांत जास्त फिरणारा आकडा क्रिकेटचा नसतो. तो आमच्या कारधा गावच्या पुलाजवळच्या वैनगंगेच्या पातळीचा असतो. २४५.५० मीटर ही धोक्याची पातळी इकडे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहे. पाणी चढलं की जुना लहान पूल बंद होतो, वाहतूक महामार्गाच्या मोठ्या पुलावर जाते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तासातासाला आकडे येऊ लागतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि भंडारा शहरासह नदीकाठची गावं बुडाली. घराघरांतला चिखल निघायचा होता, तोच २ सप्टेंबरला केंद्र सरकारने पब्जीसह ११८ अ‍ॅप बंद केली. त्या आठवड्यात वाहिन्यांवर कोणती बातमी मोठी ठरली, हे सांगायला नको.

व्हिडिओ गेम, मोबाईल आणि राजकारण यांचे आढावे दिवाळी अंकांत वेगवेगळे येतात. गेमवर मानसोपचारतज्ज्ञ लिहितो, मोबाईलवर शहरातला कोणी जाणकार, राजकारणावर जो तो. कारध्यात बसून पाहिलं तर हे तिन्ही विषय एकाच सहा इंची काचेवर नांदतात, आणि ती काचही बहुधा एका कोपऱ्यात तडकलेली असते.

नव्वदच्या दशकात गेम खेळायला पार्लरमध्ये जावं लागे. मारिओ, काँट्रा, आणि कॅसेट चालेना की तिच्यात मारलेली फुंकर. घरात सामुराईचा सेट असलेल्या पोराचा मोहल्ल्यात भाव असे. एवढ्यावर ते प्रकरण संपायचं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि चित्र पालटलं. डेटा इतका स्वस्त झाला, की गावात आधी स्मार्टफोन आला आणि त्याचं काय करायचं हे मागाहून ठरलं. पोट्ट्यांनी ते सगळ्यांत आधी ठरवलं.

पब्जीचा बोलबाला फार झाला, पण खेड्यात जास्त रुजलं ते फ्री फायर. कारण साधं आहे. कोरियन पब्जीला जरा बरा फोन लागायचा. सिंगापूरच्या गरेना कंपनीचं फ्री फायर कमी मेमरीच्या, सेकंडहँड फोनवरही धकायचं. खेळ दहा-बारा मिनिटांत आटोपायचा, म्हणजे आईने हाक मारायच्या आत. नेट मध्येच गेलं, तरी परत आल्यावर जिथे होता तिथे पोचता यायचं. बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर स्वस्त फोन, अर्धवट नेटवर्क आणि घाईतला पोरगा होता. १४ फेब्रुवारी २०२२ ला सरकारने फ्री फायरही बंद केलं, पण फ्री फायर मॅक्स नावाचं त्याचंच भारी भावंड चालूच राहिलं. पब्जी २०२१ च्या जुलैत बीजीएमआय या नव्या नावाने आली, २०२२ च्या जुलैत पुन्हा गेली, २०२३ च्या मेमध्ये पुन्हा आली. देशाच्या सुरक्षेला एका वर्षी असलेला धोका पुढच्या वर्षी का नसतो, हे पोरांना कोणी समजावून सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. पुन्हा डाउनलोड केलं आणि खेळायला लागली.

बंदीचं हे राजकारण आपल्याकडेच चालतं असं नाही. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना आठवड्याला तीनच तास दिले. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्यांसाठी मध्यरात्रीनंतर गेम बंद केले आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घेतला. आपलं वेगळेपण असं, की आपण एका हाताने बंदी घालतो आणि दुसऱ्या हाताने सेल्फी काढतो. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान देशातल्या नामवंत गेमरांना भेटले. त्यात आपला मिथिलेश पाटणकर होता, आणि आमच्या विदर्भाशेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली पायल धारे होती. भंडारा-गोंदियाचं मतदान १९ एप्रिलला, म्हणजे आठवड्यावर आलेलं. पहिल्यांदा मत देणाऱ्यांची नजर कुठे असते, हे राजकारण्यांना बरोबर कळतं.

पण ज्या फोनवर पोरगा खेळतो, त्याच फोनवर बापाला ई-पीक पाहणी करायची असते. हे अ‍ॅप १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालं. कल्पना चांगली आहे. तलाठ्याने चावडीत बसून पिकं लिहायची, त्याऐवजी शेतकऱ्याने स्वतः नोंदवावीत. धान विकायचं, बोनस घ्यायचा, अतिवृष्टीची भरपाई मागायची, तर सातबाऱ्यावर पीक चढलेलं हवं. त्यासाठी खातं निवडा, गट नंबर निवडा, क्षेत्र भरा, मग प्रत्यक्ष धानाच्या बांधीत उभं राहून फोटो काढा, म्हणजे उपग्रहाला पटेल की तुम्ही तुमच्याच शेतात आहात. रोवणी झालेली, गुडघाभर चिखल, एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात पोराचा फोन. गोल गोल फिरत राहतं आणि मग संदेश येतो: सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. भरलेलं सगळं पुसलं जातं. पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी पोरगाच पुढे होतो. फ्री फायरवर तयार झालेला त्याचा अंगठा हे कामही झरझर करतो. "बाबा, तुम्ही हला नोका जी, लोकेशन सरकते," असं बापाला दरडावणारे पोट्टे मी बांधावर पाहिले आहेत. गेमने पोरं वाया गेली म्हणणाऱ्या मंडळींनी एकदा धान खरेदीच्या नोंदणीच्या हंगामात झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसावं.

माझी तक्रार इथे आहे. गरेनाला कारध्याचा फोन माहीत होता, आपल्या सरकारी अ‍ॅपवाल्यांना नव्हता. गरेना काही पुण्य कमवायला बसली नव्हती. पोरगा कंटाळून निघून गेला तर तिचा धंदा बसला असता. शेतकरी कंटाळून जाणार कुठे? दुसरं ई-पीक कुठून आणणार? लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीत ओटीपीसाठी रात्री जागलेल्या बायकांनाही हाच अनुभव आला. स्मार्ट मीटरवरून २०२४ साली राज्यात रान उठलं, तेव्हा सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. तिथे निदान लोकांनी आवाज केला. अ‍ॅपविरुद्ध मोर्चा निघत नाही, कारण ज्याला ते जमलं नाही त्याला वाटतं, आपणच अडाणी.

रेशन दुकानातला अंगठा तर आणखी वेगळं प्रकरण आहे. हा बिडीचा मुलूख. तेंदूपत्ता कापून, वळून, दोरा बांधून ज्यांची हयात गेली त्या बायकांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. पदराने पुसला, पुन्हा लाल. दुकानदार म्हणतो, "मावशी, धुवून ये." ती धुवून येते. पुन्हा लाल. ज्या कामाने तिचं घर चाललं, त्याच कामाने यंत्राच्या लेखी तिची ओळख पुसली.

पैशांच्या खेळांबद्दलही बोललं पाहिजे, कारण बनवणाऱ्यांची तीच हुशारी तिथे उलटी फिरते. स्वस्त फोनवर चालणारं, अडाण्यालाही समजणारं, हरल्यावर लगेच दुसरा डाव मांडणारं. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटलं होतं. तेव्हा समोर पत्ते होते आणि चार माणसं होती, पहाटे तीन वाजता एकट्याला खेळवणारं अ‍ॅप नव्हतं. मुंबईची ड्रीम इलेव्हन ही असल्याच खेळांची कंपनी तर थेट भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर जाऊन बसली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत कायदा करून पैशांचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. जाहिराती गेल्या याचा मला मनापासून आनंद आहे. क्रिकेटपटूंनी टीव्हीवरून टीम बनवायला सांगायचं आणि खाली घाईघाईत धोक्याची सूचना वाचायची, हा निर्लज्जपणाच होता.

पण सट्टा संपेल असं मानायला मी तयार नाही. तो आधीही बेकायदाच होता. आपला जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे. तरी २०२३ च्या जुलैत आमच्या शेजारच्या गोंदियात एका घरावर नागपूर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं निघालं. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गमावल्याची तक्रार त्यामागे होती. आणि राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ २०२५ च्या जुलैत बाहेर आला, तेव्हा ते म्हणाले, मी जाहिरात घालवत होतो. ते खरं असेल तरी खातं गेलं, आणि बदल्यात मिळालं ते क्रीडा खातं. असा विनोद लिहायला आमच्या झाडीपट्टीतल्या नाटककारालाही धीर झाला नसता.

पुन्हा सरकारी यंत्राकडे येऊ. ते दुरुस्त होतच नाही, असंही नाही. २८ मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत मताची चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रं ठिकठिकाणी बंद पडली. ऐन मेचं वैदर्भीय ऊन. जास्त प्रकाशाने आतला सेन्सर गोंधळतो असं निष्पन्न झालं. ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावं लागलं. पक्षांनी आकाशपाताळ एक केलं, आयोगाने दखल घेतली आणि पुढे सेन्सरवर आडोसा बसला, आर्द्रता सोसणारा कागद आला. यंत्र आमच्या हवामानापुढे नमलं ते असं. त्या यंत्रात पक्षांचा जीव अडकला होता. मावशीच्या अंगठ्यासाठी किंवा ई-पीकच्या सर्व्हरसाठी एवढा गोंधळ घालणारा पक्ष अजून मला भेटायचा आहे. मुंडीपारच्या भेल प्रकल्पावर मात्र २०१३ पासून सगळेच बोलतात, कारण रखडलेल्या कारखान्यावर भाषण करता येतं आणि लाल दिव्यावर करता येत नाही. निदान पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण एकदा बांधीत उभं करून ई-पीकचा फोटो काढायला लावू शकतो. फोन मात्र त्याचा नको, आपलाच द्यायचा.