दंतवल्काची जपणूक : व्रताला विवेकाची जोड

दात दुखू लागला की मनुष्य दवाखान्याची वाट धरतो. परंतु दात झिजत असताना बहुधा दुखत नाही, म्हणून त्या झिजेकडे कोणाचे लक्ष जात नाही. किन्हवलीसारख्या बाजारगावात सकाळी दुकान उघडल्यापासून संध्याकाळी गल्ला बंद होईपर्यंत व्यापाऱ्याला हातातील काम सोडता येत नाही. साहजिकच सकाळचे लिंबूपाणी, दुपारचे कोकम सरबत, उन्हाळ्यातील शीतपेयाची बाटली ही सारी गिऱ्हाईक पाहता पाहता, घोट घोट घेतली जाते. शहापूर-मुरबाडच्या रानातील करवंदे, कैऱ्या आणि चिंचा हंगामात घरोघरी येतात. यांतील कित्येक पदार्थ गुणकारी आहेत. प्रश्न आहे तो ते किती वेळा आणि कशा रीतीने घेतले जातात, हा.

कवच कशाचे बनले आहे?

दाताचे बाहेरील शुभ्र आवरण म्हणजे इनॅमल, अर्थात दंतवल्क. हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाच्या सुमारे 96 टक्के तो खनिज असतो आणि त्यात कॅल्शियम व फॉस्फेट प्रमुख असतात. मात्र दात उगवल्यानंतर या आवरणात एकही जिवंत पेशी उरत नाही. मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते. गेलेले दंतवल्क पुन्हा येत नाही. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर ही अशी मुद्दल आहे की जिच्यात भर घालता येत नाही, ती केवळ राखता येते.

तोंडातील सामू सुमारे 5.5 च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 3 च्या दरम्यान असतो; कोला पेयांचाही तसाच. या मापात एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहा पटींचा फरक. दही-ताक आंबट असले तरी त्यांत कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर असल्याने ती दातांना सहसा बाधत नाहीत.

दात किडणे आणि दात झिजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कीड लागते ती साखरेवर वाढणाऱ्या जंतूंच्या आम्लामुळे. ही झीज होते ती अन्नातील किंवा जठरातील आम्ल थेट दातांवर आल्यामुळे. म्हणून साखरेविना घेतलेले लिंबूपाणीही निर्धोक नव्हे.

लाळेचे काम

निसर्गाने यावर लाळ हा उपाय दिला आहे. लाळ आम्ल धुऊन काढते आणि मऊ झालेल्या थरात पुन्हा खनिजे भरते. पण तिला वेळ लागतो. एक पेला सरबत जेवणाबरोबर पिऊन टाकणे आणि तेच सरबत दोन तास चाखत राहणे यांत म्हणूनच मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात लाळेला उसंतच मिळत नाही. झोपेत लाळ फारच कमी स्रवते. रात्री उशिरा घेतलेले आंबट वा गोड पेय त्यामुळे अधिक घातक ठरते.

येथे चौविहाराचे महत्त्व नव्याने ध्यानात येते. सूर्यास्तानंतर अन्नपाण्याचा त्याग करणाऱ्याच्या दातांना रात्रभर आम्लापासून विसावा मिळतो. आयंबिलच्या ओळीत नऊ दिवस फळे, लिंबू व साखर वर्ज्य असल्याने तोच लाभ होतो.

व्रत आणि दातांची काळजी

तथापि काही ठिकाणी जपणे आवश्यक आहे. आम्लाने मऊ झालेल्या दातांवर लगेच ब्रश फिरवला तर तो थर खरवडला जातो. सूर्यास्ताच्या घाईत आंबट वरण वा लिंबूपाणी घेऊन तत्काळ दात घासणे म्हणूनच इष्ट नव्हे. शक्य तर जेवण सूर्यास्तापूर्वी तासभर आटोपावे, लगेच केवळ चूळ भरावी आणि अर्ध्या ते एका तासाने हळुवार दात घासावेत. नवकारशी पाळणाऱ्याने पच्चक्खाण पारल्यावर आधी दात घासावेत, मग लिंबूपाणी घ्यावे.

अठ्ठाई वा वर्षीतपात काहींना आम्लपित्त होते, कधी पित्ताची उलटी होते. जठरातील आम्ल अत्यंत तीव्र असते. अशा वेळी ब्रश न करता उकळलेल्या पाण्याने चूळ भरावी. पच्चक्खाण नसेल तेव्हा पेलाभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. उपवासात काय चालेल, हे गुरुमहाराजांना आधीच विचारून ठेवावे. अक्षय्य तृतीयेच्या पारण्यात उसाचा रस घेतल्यावरही चूळ भरण्यास विसरू नये.

दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन येते. पण ते मुनिधर्माचे व्रत आहे. श्रावकाने दातांची हेळसांड करण्यास तो आधार होऊ शकत नाही.

लक्षणे व उपचार

थंड पाण्याने दात शिवशिवणे, दात पिवळसर दिसणे, पुढच्या दातांच्या कडा पारदर्शक होणे, दाढांवर लहान खळगे पडणे ही झिजेची चिन्हे होत. वरच्या पुढील दातांची आतील बाजू झिजलेली असेल तर जठरातील आम्ल वर येत असण्याची शक्यता असते. तेव्हा दंतवैद्याबरोबरच पोटाच्या विकारांच्या डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा.

प्रारंभी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, मऊ ब्रश आणि दंतवैद्याकडून लावला जाणारा फ्लोराइडचा लेप एवढ्याने झीज आटोक्यात राहते. पेस्ट घेताना वेष्टनावरील हिरवे टिंब पाहून घ्यावे. झीज अधिक असेल तर दाताच्या रंगाचे कंपोझिट भरतात. फार झाली तर टोपी बसवावी लागते. नस उघडी पडल्यास रूट कॅनॉलवाचून गत्यंतर नसते. किन्हवली परिसरातील कुटुंबांना मोठ्या उपचारासाठी आसनगावहून लोकलने मुंबईस जाता येते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे.

ही वेळ येऊ नये म्हणून घरातच आरंभ करता येतो. शीतपेयाची बाटली दुकानात विकायला असली तरी ती आपल्या मुलांच्या हाती सहज लागू नये. सरबत जेवणाबरोबर घ्यावे, तोंडात घोळवू नये, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. चालताना, बोलताना, खाताना जयणा पाळावी असे आपला धर्म सांगतो. तीच जयणा प्रत्येक घोटाच्या वेळी राहिली, तर वडिलांचे दात म्हातारपणीही खाकरा चावू शकतील आणि मुलांना दातांच्या टोपीचा हिशेब मांडावा लागणार नाही.