चावीचं घड्याळ, सेलचं घड्याळ

आमच्या घरात १९७४ पासून एक एचएमटी ‘जनता’ आहे. वडिलांनी नोकरीतल्या पहिल्या दिवाळीला ते घेतलं. सकाळी बातम्यांच्या आधी रेडिओवर वेळेचे ठोके पडू लागले की ते चावी हलकेच बाहेर ओढायचे, शेवटच्या ठोक्याला काटे जुळवायचे आणि मग चावी द्यायचे. बोटांना अडथळा जाणवला की थांबायचं, जोर करायचा नाही, एवढंच त्यांनी मला शिकवलं. घड्याळ रोज अर्धा-पाऊण मिनिट मागे पडायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. रोज मागे पडायचं, रोज जुळवायचं.

चावी दिली की आतली पोलादी स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती सुटताना दातेरी चाकं फिरतात. एका झटक्यात सगळी सुटू नये म्हणून बॅलन्सचं चाक इकडून तिकडे झुलत तिला अडवत, सोडत राहतं. ‘जनता’मध्ये हे तासाला १८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा घडतं. कानाशी धरल्यावर टिकटिक ऐकू येते ती याच अडवण्या-सोडण्याची. चाकांचे आस जिथे टेकतात तिथे झीज होऊ नये म्हणून कृत्रिम माणकाचे बारीक खडे बसवलेले असतात. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहायचे ते त्यांच्यासाठी. खड्याला तेलाचा एक थेंब लागतो. तो तीन-चार वर्षांत सुकला की घड्याळ रेंगाळतं, आणि मग ते घड्याळजीकडे न्यावं लागतं.

या सगळ्या यंत्रणेला खरा धक्का बसला तो टोकियोत. २५ डिसेंबर १९६९ रोजी सैकोने ‘क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन’ विक्रीला आणलं. किंमत साडेचार लाख येन. त्या पैशात तेव्हा जवळपास टोयोटाची छोटी मोटार येत होती. आत झुलणारं चाक नव्हतं, गारगोटीच्या जातीचा स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, होता. विजेचा दाब दिला की हा स्फटिक ठरावीक वेगाने थरथरतो. पुढे रूढ झालेल्या घड्याळांत तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो. निम्मं करण्याचं काम इवलंसं सर्किट करतं आणि दर सेकंदाला एक झटका छोट्या मोटरला देतं. म्हणून सेलच्या घड्याळाचा सेकंदकाटा उडी मारतो आणि चावीच्या घड्याळाचा सरपटल्यासारखा पुढे जातो. चावीचं घड्याळ दिवसात जेवढं चुकतं, तेवढं चुकायला साध्या सेलच्या घड्याळाला महिना लागतो.

स्वित्झर्लंडला हे माहीत नव्हतं असं नाही. न्यूशातेलच्या संशोधन केंद्रात १९६७ मध्येच मनगटी क्वार्ट्झ घड्याळाचा नमुना तयार होता. पण शेकडो वर्षं हाताने साधलेली विद्या एका खड्यापुढे हरेल यावर तिथल्या कारखानदारांचा विश्वास बसला नसावा. १९७० च्या सुमारास तिथे घड्याळाच्या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती. पंधराएक वर्षांत त्यांतली तिसऱ्या हिश्श्याइतकीच उरली. ल लोक्ल गावातल्या झेनिथ कारखान्याची मालकी तेव्हा एका अमेरिकन रेडिओ कंपनीकडे होती. १९७५ मध्ये हुकूम आला की यांत्रिक घड्याळं बंद करा आणि त्यांची हत्यारं काढून टाका. शार्ल व्हर्मो नावाच्या कारागिराने ‘एल प्रिमेरो’ यंत्राचे साचे आणि हत्यारं नावं-नोंदी करून माळ्यावर लपवून ठेवली. दहाएक वर्षांनी पुन्हा मागणी आली, तेव्हा ती खाली उतरली आणि यंत्र परत बनू लागलं. घड्याळांच्या सगळ्या इतिहासात मला या माणसाइतका आदर दुसऱ्या कुणाबद्दल वाटत नाही.

आपल्याकडे ही लाट उशिरा पोचली. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने एचएमटी या सरकारी कंपनीने घड्याळं बनवायला घेतली आणि आयातीला दार जवळजवळ बंद होतं. मुंबईत मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणी चोरट्या मालाची परदेशी घड्याळं मिळत. बाकी सर्वांना एचएमटी. लग्नात जावयाला, निरोपसमारंभात गुरुजींना, दहावीला चांगले गुण पडले तर मुलाला. एचएमटीने क्वार्ट्झही काढलं, पण तिचा जीव चावीच्या घड्याळातच गुंतलेला राहिला. १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून टायटन काढली. होसूरच्या कारखान्यातून १९८७ पासून येऊ लागलेली तिची घड्याळं सेलची, सडपातळ आणि देखणी होती. मोत्झार्टच्या सुरावटीवरची जाहिरात दूरदर्शनवर लागली की आम्ही भावंडं हातातलं काम थांबवायचो. एचएमटी क्वार्ट्झमुळे बुडाली असं सरसकट म्हणतात, ते मला अर्धंच खरं वाटतं. गिऱ्हाईक रांगेत उभं आहे म्हणजे ते उद्याही उभं राहील, हे गृहीत धरणं तिला जास्त महागात पडलं. जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्र सरकारने मंजुरी दिली. कंपनीची बंगळूर आणि तुमकूरची मोठी जमीन पुढे इस्रोकडे गेली.

सेलच्या घड्याळाचे उपकार मी विसरणार नाही. नाडी मोजणारी परिचारिका, पहाटेची एसटी गाठणारा विद्यार्थी, पाळीला जाणारा कामगार, या सगळ्यांच्या हातात थोड्या पैशांत अचूक वेळ आली. पूर्वी हजारो रुपये मोजूनही ती येत नव्हती. पण माझं स्वतःचं सेलचं घड्याळ, पहिल्या पगारातून घेतलेलं, काही वर्षांपूर्वी बंद पडलं. सेल आतल्या आत पाझरला होता आणि सर्किट खाल्लं गेलं होतं. दुकानदार म्हणाला, “मशीन बदलून देतो, दुरुस्त होत नाही.” आणि त्याने दहा मिनिटांत बदललं. तबकडी तीच, पट्टा तोच, आत मात्र दुसरंच काहीतरी आहे.

त्याच आठवड्यात वडिलांचं ‘जनता’ शहराच्या जुन्या भागातल्या एका घड्याळजींकडे नेलं. वय सत्तरीपलीकडचं, डोळ्याला भिंग. मागचं झाकण उघडून त्यांनी आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा मला दाखवल्या. आधीच्या कारागिरांनी दुरुस्तीनंतर केलेल्या त्या नोंदी होत्या, सगळ्यात जुनी १९७९ ची. शेवटची स्वतःची आहे, हे त्यांनी अक्षरावरून ओळखलं. यंत्र सुटं करून धुतलं, खड्यांना तेल दिलं. “पोराला हे शिकवलं नाही,” ते म्हणाले, “मोबाइल दुरुस्तीत बसवलं त्याला.” मग बॅलन्सचं चाक चिमट्याने अलगद बसवलं. मी चावीला हात लावायच्या आधीच, नुसत्या हालचालीने ते दोनदा झुललं. त्यांनी झाकण उलटं धरलं आणि जुन्या नोंदींखाली सुईने तारीख कोरली.